केबलची साल काढताना

बी-बियाणे आणि खते यांवर बोलणाऱ्या माणसाने आज वायर सोलण्यावर का लिहावे, असा प्रश्न तुम्हाला पडेल. कारण सांगतो. मी पंचायत समितीत कृषी विस्तार अधिकारी आहे. सांगोला तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर फिरताना माझी बैठक बहुतेक वेळा विहिरीच्या कडेला, स्टार्टरच्या पेटीशेजारी पडते. डाळिंबावरच्या तेल्या रोगाविषयी बोलायला जावे, तर आधी मोटरीचे गाऱ्हाणे ऐकावे लागते. "साहेब, मोटर पुन्हा जळली", "साहेब, पेटीला हात लावला की मुंग्या येतात". ऐकता ऐकता माझी नजर वायरीच्या टोकाकडे जाते, आणि पुष्कळ वेळा दुखणे तिथेच सापडते. केबलची वरची साल काढताना कुणीतरी घाई केलेली असते.

मी वायरमन नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. मोटरीबद्दल मला जे कळते, त्यातले निम्मे कॉलेजात शेती-अभियांत्रिकीच्या तासाला कळले आणि निम्मे एका निवृत्त वायरमनजवळ बसून. खांबापासून मीटरपर्यंतची वायर वीज कंपनीची. तिला तुम्ही-आम्ही हात लावायचा नाही. नवी जोडणी परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावी. पण वस्तीवर राहणाऱ्यांची गोष्ट निराळी असते. तालुक्याचा वायरमन आज बोलावला तर परवा येतो, आणि पाणी तर आजच द्यायचे असते. मग घरातलाच कुणी पक्कड आणि ब्लेड घेऊन बसतो. बसायचेच असेल तर नीट बसा, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

केबल म्हणजे दोन कपडे घातलेली तार. आत तांब्याच्या बारीक धाग्यांचा जुडगा, त्याच्यावर रंगीत इन्सुलेशन, आणि अशा दोन-तीन तारा एकत्र करून सगळ्यांवर एक जाड वेष्टण. बोअरच्या पाणबुडी मोटरीची केबल चपटी असते. तिच्यात लाल, पिवळी आणि निळी अशा तीन तारा शेजारी शेजारी झोपलेल्या असतात. वरचे जाड वेष्टण ऊन, पाणी, घासणे, उंदीर आणि बैलाचा पाय यांच्यापासून राखण करते. वीज अडवून धरण्याचे खरे काम मात्र आतल्या रंगीत सालीचे. वरची साल काढताना आतलीला चरा गेला, तर त्या दिवशी काही होत नाही. मोटर चालू होते, बल्ब लागतो, सोलणारा हात झटकून उठतो. चरा तिथेच राहतो. दमट हवा, मोटरीची थरथर, लोखंडाची कडा यांची त्याला गाठ पडायला दोन महिने लागतात, कधी दोन वर्षे लागतात.

२०१७ च्या पावसाळ्यात एका वस्तीवर हेच घडले. दोन भावांचे एकत्र कुटुंब, चार म्हशी, आठ-दहा एकर डाळिंब आणि ज्वारी. उन्हाळ्यात त्यांनी कडबा कुट्टीचे यंत्र आणले. यंत्राबरोबर आलेली केबल आखूड पडली, म्हणून घरातल्या पाहुण्याने तालुक्याहून तीन तारांची गोल केबल आणली आणि दाढीच्या ब्लेडने सोलून जोडून दिली. भिंतीवरचा प्लग दोन भोकांचा होता. त्यामुळे तिसरी तार, म्हणजे अर्थिंगची, "हिचं काय काम?" म्हणून मुळातून कापून टाकली. कुट्टी दोन महिने झकास चालली. आषाढात झड लागली. एके दिवशी पहाटे थोरल्या वहिनी कुट्टी सुरू करून वैरण लावू लागल्या आणि यंत्राच्या पायाला साखळीने बांधलेली म्हैस एकाएकी खाली बसली. वहिनींना वाटले, फास लागला. त्या साखळी सोडवायला धावल्या आणि त्यांचा हात साखळीला धरला तो धरलाच. ओसरीवर सासरे तंबाखू मळत बसले होते. म्हातारा शहाणा. सुनेला ओढायला न जाता त्याने धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला. वहिनी वाचल्या. तळहात भाजला तो महिनाभर बांधून होता. म्हैस गेली. ती व्यायला पंधरा दिवस राहिले होते.

गुरे विजेला आपल्यापेक्षा लवकर बळी पडतात. त्यांचे चारही पाय उघडे आणि ओल्या जमिनीवर असतात. पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त, आणि वीज एका पायातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडते ती वाटेत छातीतून जाते. माणसाच्या पायात निदान चप्पल तरी असते.

मी तिथे गेलो तो विम्याच्या कागदांसाठी. तोवर वायरमनने यंत्राची पेटी उघडली होती. त्याने मला केबलचे टोक दाखवले. वरची साल जिथे संपत होती, तिथे गोल फिरवलेल्या ब्लेडची रेघ आतल्या लाल तारेवर उमटली होती. केसासारखी बारीक. नुसती बघून ती दिसेना. त्याने तार बोटाभोवती वाकवली, तशी रेघेने तोंड उघडले आणि आत तांबे चमकले. बरोबर त्याच ठिकाणी पेटीच्या पत्र्याची कडा घासत होती. अर्थिंगची तार असती तर फ्यूज उडाला असता. ती नव्हती, म्हणून यंत्राचे सगळे लोखंड जिवंत झाले होते. पाहुण्याला कुणी एका शब्दाने बोलले नाही. तो आपणच त्या दिवशी जेवला नाही, असे मागाहून कळले.

आता पुढचे ऐका. या थोरल्या वहिनी गुटी बांधण्यात पटाईत. आमच्याकडे डाळिंबाची रोपे गुटी कलमाने करतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीची इंचभर साल गोल काढायची, तिथे ओले शेवाळ बांधायचे आणि वर प्लास्टिक गुंडाळायचे. रोपवाटिकेत बायका हे काम गुटीच्या हिशेबाने करतात, आणि हात बसलेली बाई दिवसाला शेकड्यांनी गुट्या बांधते. हात बरा झाल्यावर वहिनींनी वायरमनकडून केबल कशी सोलायची ते नीट बघून घेतले आणि मला म्हणाल्या, "साहेब, ह्यात अवघड काय हाय? गुटीची साल काढताना पातं लाकडाला टेकलं की बोटाला कळतं. ह्याचं बी तसंच." तेव्हापासून त्या वस्तीवर केबल सोलायची झाली, तर ती वहिनींच्या हातूनच. त्यांची पद्धत मी दोन-तीनदा बसून पाहिली आहे. वायरमनकडून शिकलेले आणि वहिनींकडून पाहिलेले असे दोन्ही मिळून खाली सांगतो.

पहिले काम वीज बंद करण्याचे. नुसते बटण बंद करून भागत नाही. पुष्कळ घरांतून बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेले असते. मग बल्ब विझतो, पण वायर जिवंतच राहते. मेन स्विच खाली ओढावा, फ्यूज काढावेत आणि आपल्या खिशात घालावेत. खिशात म्हणतो ते मुद्दाम. फ्यूज पेटीवर ठेवले तर घरातला दुसरा कुणी येऊन, "अरे, फ्यूज कुणी काढले?" म्हणत ते परत बसवतो. "लाईट गेलीय, तोवर करून घेतो" असे तर कधीच म्हणू नका. गेलेली वीज तुम्हाला विचारून परत येत नाही. जिथे अजून शेतीपंपाला रात्रीची पाळी आहे, तिथे तर बॅटरीच्या उजेडात असली कामे उरकण्याची सवय पडली आहे. ती मोडावी. टेस्टर आधी चालू प्लगमध्ये घालून तो लागतो की नाही ते पाहावे, आणि मग ज्या वायरीला हात लावायचा तिला लावून पाहावा. बंद पडलेला टेस्टर कुठेही लागत नाही, आणि माणूस समजतो की वायर मेली. मोटरीच्या पेटीत कपॅसिटर असेल तर वीज बंद केल्यावरही त्यात काही वेळ वीज साठून राहते. पाच-दहा मिनिटे थांबावे, त्याच्या टोकांना बोट लावू नये.

दुसरे म्हणजे किती सोलायचे हे आधी ठरवावे. पेटीच्या आत तारा जेवढ्या फिरवायच्या, तेवढीच वरची साल काढावी. जाड साल पेटीच्या भोकातून निदान बोटभर आत गेलीच पाहिजे, आणि भोकाला रबराची बाळी घातली पाहिजे. जाड साल बाहेरच संपली आणि भोकातून नुसत्या रंगीत तारा आत गेल्या, तर पत्र्याच्या कडेने त्या महिन्या-दोन महिन्यांत कापल्या जातात. स्टार्टरच्या पेट्या बघत फिरताना मला हा दोष सगळ्यांत जास्त दिसतो. तुमची पेटी आज घरी जाऊन बघा.

आता सोलणे. चपटी केबल असेल तर ती पाटावर किंवा फळीवर सपाट ठेवावी. हातात धरून, मांडीवर ठेवून सोलू नये. जिथवर साल काढायची तिथे चाकूने आडवी रेघ मारावी, वरून आणि खालून. पण ही रेघ आरपार नको. साल जितकी जाड, त्याच्या निम्म्या-पाऊण खोलीपर्यंतच पाते जावे. मग केबल त्या रेघेवर एकदा इकडे, एकदा तिकडे वाकवावी. उरलेली साल आपोआप उकलते. पाते आतल्या तारेपर्यंत पोचतच नाही, आणि सगळी युक्ती यातच आहे. कापायचे अर्धे, मोडायचे अर्धे. त्यानंतर रेघेपासून टोकापर्यंत उभी चीर द्यावी. ती तारेच्या पाठीवरून नव्हे, तर दोन तारांच्या मधल्या खाचेतून द्यावी. तिथे साल जाड असते आणि खाली तार नसते. पाते उभे न धरता तिरपे धरावे, चाकू आपल्या अंगापासून दूर न्यावा, आणि धरणारा हात नेहमी पात्याच्या मागे असावा. चीर पडली की केळे सोलतात तशी साल दोन्हीकडे ओढून मागे न्यावी आणि रेघेपाशी पकडीने तोडून टाकावी.

टोकाला थोडी चीर देऊन मधली तार पकडीने धरायची, साल दुसऱ्या हाताने धरायची आणि दोघांना उलट दिशेला ओढायचे, अशीही एक रीत आहे. तारच साल फाडत येते आणि चाकू फारसा लागत नाही. नव्या, मऊ केबलला ही रीत चांगली चालते. जुन्या केबलवर करू नये, कारण ओढताना आतली तार ताणते.

गोल केबलीची तऱ्हा निराळी. तिच्यात आतल्या तारा पिळलेल्या असतात, त्यामुळे त्या कुठे आहेत हे वरून कळत नाही. ती हातात घेऊन घट्ट वाकवावी. वाकवलेल्या भागाच्या पाठीवर साल ताणलेली असते. तिथे पाते नुसते टेकवले की फट आपोआप उघडते. दाबायची गरज पडत नाही. मग केबल थोडी फिरवावी, पुन्हा वाकवावी, पुन्हा टेकवावे. चार-पाच वेळा असे केले की चक्कर पूर्ण होते. तोकडा तुकडा असेल तर मोज्यासारखा ओढून काढता येतो. वहिनी हे करतात तेव्हा त्यांचे बोलणे थांबते. मी विचारले तर म्हणाल्या, "बोलत्याली बाई साल जास्त कापती."

साल काढल्यावर एक तपासणी न चुकता करावी. प्रत्येक रंगीत तार बोटाभोवती वाकवून उजेडात सगळ्या बाजूंनी पाहावी. चरा असेल तर वाकवल्यावर तो तोंड उघडतो. चरा दिसला तर त्यावर चिकटपट्टी लावून वेळ मारून नेऊ नये. तेवढे टोक कापून टाकावे आणि पुन्हा सुरुवात करावी. यासाठी वायर नेहमी हातभर जास्तच घ्यावी. दुकानात मीटरभर वायरीसाठी घासाघीस करणारे आपण, नंतर मोटर भरून आणायला किती मोजतो ते आठवून पाहा.

हवेचाही परिणाम होतो, बरे का. पौषातल्या पहाटे केबलची साल कडक होते. चाकू अडतो, माणूस जोर करतो आणि पाते एकदम सटकते. केबल थोडा वेळ उन्हात ठेवावी, मऊ पडते. चैत्रातल्या दुपारी उलट. साल इतकी मऊ की लवचिक होऊन ताणते, रेघेवर तुटत नाही. आणि वर्षानुवर्षे उन्हात पडून तडकलेली केबल असेल, तर ती सोलण्याच्या भानगडीत पडूच नये. वाकवली की जिची साल कटकट आवाज करते, तिचे दिवस भरले असे समजावे.

रंगीत तारेचे टोक उघडे करायचे तेव्हा मात्र गोल रेघ मारायची नाही. तिथे आत लगेच तांब्याचे धागे असतात. पेन्सिल तासतात तसे, पाते जवळजवळ आडवे धरून तासावे. अडीच चौरस मिलिमीटरच्या लवचिक तारेत तीन दशांश मिलिमीटर जाडीचे ३६ धागे असतात. त्यातले सहा तुटले तर सहावा हिस्सा गेला. उरलेल्या तीस धाग्यांना सगळा भार घ्यावा लागतो, आणि ती जागा तापते. काळी पडलेली, वितळलेली टर्मिनल पाहिली असतील तुम्ही. त्यांत तुटलेल्या धाग्यांचा आणि ढिल्या स्क्रूचा वाटा मोठा असतो. सोलण्यासाठी स्ट्रिपर नावाची पक्कड मिळते. तिला वेगवेगळ्या मापांची भोके असतात. माप बरोबर घेतले तर धागा तुटत नाही. ती फार महाग नाही, आणि घरात दोन मोटरी असतील तर ती असावी. उघडे तांबे स्क्रूखाली जेवढे बसेल तेवढेच ठेवावे. बाहेर मिरवायला नको.

दातांचा विषय राहिला. एका वस्तीवर कॉलेजात जाणारा पोरगा मला म्हणाला, "दातानं सोलली की झटक्यात निघते, साहेब. आमच्यात सगळी तशीच सोलतात." त्याची आजी शेजारी शेंगा फोडत बसली होती. ती म्हणाली, "आरं, दात देवानं भाकरी खायाला दिल्यात का वायरी खायाला?" मी पुढे काही बोललो नाही, आजीचे पुरेसे होते. पण इथे सांगतो. वायर जिवंत निघाली तर ती हाताला नव्हे, तोंडाला लागते, आणि तोंड ओले असते. काडी ओढून साल जाळणारेही आहेत. त्या जळक्या सालीतून आम्लाचा झणझणीत धूर निघतो. तो छातीला वाईट, तांबे काळे पडते, आणि जिथवर ज्योत लागली त्याच्याही मागची साल आकसून कडक होते. वरून टोक स्वच्छ दिसते, आणि मागे दोन बोटांवर ती तडकलेली असते.

बोअरमधल्या केबलला जोड द्यावा लागतो, तिथे सोलण्याची खरी परीक्षा. हा जोड दोन-तीनशे फूट पाण्यात राहणार असतो. तिन्ही तारा एकाच ठिकाणी जोडल्या तर जोडांची एकच गाठ होते आणि पाणी शिरले की फेजला फेज भिडते. म्हणून तारा लहान-मोठ्या कापाव्यात. एका बाजूला लाल आखूड आणि निळी लांब, तर दुसऱ्या बाजूला लाल लांब आणि निळी आखूड. असे केले की तीन जोड एकमेकांपासून तीन-तीन बोटे सरकून बसतात. यासाठी वरची साल दोन्ही बाजूंनी चांगली वीतभर काढावी लागते. तांब्याच्या नळीत दोन्ही टोके घालून ती दाबाच्या पकडीने दाबावी. प्रत्येक जोडावर रबराची टेप ताणून, निम्म्यावर निम्मी चढवत गुंडाळावी. ही टेप ताणली की आपसात चिकटून एकजीव होते. न ताणता गुंडाळली तर नुसता पट्टा राहतो. मग तिन्ही मिळून वरून तसेच करावे, आणि टेप दोन्हीकडच्या जाड सालीवर तीन-चार बोटे चढलीच पाहिजे. ती साल आधी पॉलिश कागदाने खरखरीत करून पुसून घ्यावी. गुळगुळीत, तेलकट सालीवर टेप धरत नाही आणि पाणी तिथूनच वाट काढते. शेवटी साधी चिकटपट्टी. जोड बादलीभर पाण्यात तासभर बुडवून ठेवावा, टोके बाहेर कोरडी ठेवावीत आणि वायरमनकडून मेगर लावून पाहावा. बादलीत नापास झालेला जोड बाहेर काढून परत करता येतो. बोअरमध्ये नापास झाला की चौघे माणसे आणि कपी लागते.

रंगांविषयी एक सावधगिरी. तीन फेजच्या केबलमध्ये निळी तार जिवंत असते, इतर दोघींसारखीच. पण मिक्सर, इस्त्री यांच्या दोरीत तपकिरी तार जिवंत, निळी न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी अर्थिंगची. घरातल्या जुन्या वायरिंगमध्ये लाल जिवंत, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंगची. म्हणजे निळी एके ठिकाणी गरीब गाय आणि दुसऱ्या ठिकाणी मारकी. रंगावर विश्वास न ठेवता टेस्टरने पाहावे. आणि प्लग जोडताना अर्थिंगची तार इतर दोघींपेक्षा बोटभर लांब ठेवावी. दोरी ओढली गेली तर जिवंत तार आधी सुटते आणि अर्थिंगची शेवटी. तिसरी तार कापून टाकणाऱ्यांसाठी वरची हकीकत पुरेशी आहे.

आता पुष्कळांच्या शेतात सौर पंप आले आहेत. त्यांच्या केबलविषयी एवढेच सांगतो की, तिला घरच्या चाकूची कसरत नकोच. पॅनेलवर ऊन असेपर्यंत त्या वायरी जिवंतच असतात. तिथे खिशात घालायला फ्यूज नाही. शिवाय ती वीज एकाच दिशेने वाहणारी, तिची ठिणगी एकदा लागली की सहज विझत नाही. ते काम कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्यावे.

त्या वस्तीवर नंतर कोळसा-मीठ घालून अर्थिंगचा खड्डा केला, तीन भोकांचा प्लग बसवला आणि मेनला गळती पकडणारा स्विच लावला. तीस मिलिअँपिअर गळती झाली की तो आपणच पडतो. पावसाळ्यात तो दोन-तीनदा पडला तेव्हा धाकटा भाऊ कंटाळून म्हणाला, "काढून टाकू का हा?" वहिनी स्वयंपाकघरातून नुसत्या "भावजी" म्हणाल्या. पुन्हा विषय निघाला नाही. शोधल्यावर मोरीतल्या पाणी तापवायच्या कॉइलची दोरी सापडली. सोललेल्या टोकापाशी ती ओली होत होती.

एक राहिलेच, आणि हे तर माझ्याच खात्यातले. सोलताना खाली पडणारे तुकडे. बारीक धाग्यांची चिमूटभर कात्रणे आपल्याला कचरा वाटतात. कुट्टीजवळ बसून केबल सोलली तर ती कडब्यात जातात. गाय-म्हैस चारा निवडून खात नाही, घासाबरोबर तार गिळते. तार तिच्या जाळीच्या पोटात अडकते, आणि तिथून हृदय वीतभरसुद्धा लांब नसते. जनावर वैरण टाकते, पाठ कमानीसारखी करते, उतारावर चालायला बघत नाही, आणि डॉक्टर येईपर्यंत पुष्कळदा उशीर होतो. वहिनी केबल सोलायला बसतात तेव्हा खाली पोत्याचा तुकडा पसरतात. काम झाले की पोते घडी करून उकिरड्यावर न झटकता डब्यात झटकतात, आणि डबा भरला की भंगारवाल्याला देतात. तांब्याचे पैसेही येतात.